पाचव्या खुर्चीचं रक्त

लॅबमध्ये त्यांना तोंडावर सगळे ‘काका’ म्हणत आणि पाठ वळली की ‘शंकासुर’. हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक कसं नसणार? पाठ वळल्यावर लोक काय म्हणतात ते ऐकण्यासाठीच तर ते पाठ वळवत.

न्हावी एकदा सहज म्हणाला, “काका, तब्येत सुधारली हं तुमची!” शंकासुरांनी न्हावी बदलला. दूधवाला म्हणाला, “आज दूध एकदम घट्ट आहे,” तर यांचं लगेच, “मला सांगा, म्हणजे काल पातळ होतं?” घरात बिस्किटांचा पुडा फुटला की उरलेली बिस्किटं मोजून पुड्यावर पेन्सिलीने आकडा लिहायचे. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायचे, जिना उतरायचे, परत चढायचे आणि चौथ्यांदा ओढायचे. एकदा त्या चौथ्या ओढण्याने कडीच हातात आली, तेव्हा म्हणाले, “बघ, मी म्हटलं नव्हतं?”

हे बायकोला उद्देशून. ती रक्त तपासणाऱ्या त्याच लॅबच्या काऊंटरवर बसे, म्हणून ती सगळ्यांची काकू. काकूंचं म्हणणं असं, की ह्यांनी मला इथे चिकटवली ती माझ्यावर नजर ठेवायला, आणि मी चिकटले ती ह्यांच्यावर ठेवायला. फिटंफाट.

लॅबमधलं कंप्युटरचं सगळं काम शंकासुरांचं. पेशंटची नोंद, नळीवर चिकटवायचं स्टिकर, रिपोर्ट, सगळं वेबवर चालायचं आणि सगळं त्यांनी एकट्याने लिहिलेलं. दुसऱ्याला हात लावू दिला असता तर ना! जगात त्यांचा भरवसा फक्त ह्या एका गोष्टीवर होता. म्हणायचे, “माणूस फिरतो. यंत्र फिरत नाही. सांगाल तेवढंच करणार, बिचारं.”

नळीवरचा क्रमांकही त्यांच्याच डोक्यातून निघालेला. आधी मजल्याचा आकडा, मग खुर्चीचं इंग्रजी अक्षर, मग त्या खुर्चीवरचा त्या दिवसाचा कितवा पेशंट. तळमजला म्हणजे शून्य. तळमजल्याच्या पहिल्या खुर्चीवरचा तिसरा माणूस म्हणजे 0a03. बघितल्याबरोबर कळावं, रक्त कुठे निघालं आणि कुणी काढलं. “चोर पकडायला सोपं,” ते म्हणाले होते. तेव्हा चोर कुणी नव्हता. पण असायला किती वेळ लागतो?

तळमजल्यावर चार खुर्च्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी गर्दी मावेना, म्हणून कोपऱ्यात पाचवी टाकली आणि तिच्यावर रक्त काढायला एक नवी बाई आली. तिशीतली, बारीक, बोलायला पैसे पडतात अशी. “नाव?” “मूठ वळा.” “झालं.” एवढ्या तीन वाक्यांत माणूस मोकळा. हात मात्र इतका हलका, की लोक सुई टोचल्यावर विचारायचे, “कधी टोचणार?” लॅबने तिचं नाव ठेवलं पाचवी.

आणि मग एका मंगळवारी बसचा ड्रायव्हर आला.

तो आत आला तोच बसभर ऐकू जाईल अशा आवाजात. “थांबा! आधी माझं ऐका, मग गाडी पुढे घ्या! गेल्या सोमवारी इथे रक्त दिलं. तुमचा कागद म्हणतो साखर दोनशे बारा. डेपोने कागद बघितला आणि चार दिवस माझी गाडी काढून घेतली! दुसरीकडे तपासलं तर अठ्ठ्याण्णव! आता बोला!”

काकूंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. डॉक्टरीणबाई वरून खाली आल्या. लॅब त्यांची. दर वाक्याच्या शेवटी ‘कळलं ना’ लावायची त्यांना सवय, मग समोरच्याला कळो न कळो.

“काका, त्या सोमवारचे सगळे रिपोर्ट काढा, कळलं ना?”

शंकासुरांनी काढले आणि त्यांचे कान टवकारले. पाचव्या खुर्चीवर त्या दिवशी तीन माणसं बसली होती. पहिली शिवणकाम करणारी एक आजी, दुसरी बँकेतली एक कारकून मुलगी, तिसरा हा ड्रायव्हर. तिघांचं हिमोग्लोबिन दहा पूर्णांक चार. तिघांची साखर दोनशे बारा. दशांश चिन्हापर्यंत सारखं! त्यांनी मागचा गुरुवार काढला. पाचव्या खुर्चीवर चौघे, चौघांचे आकडे एकच. त्याआधीचा सोमवार, तेच. खुर्ची टाकल्यापासून तिच्यावर पाच दिवस काम झालं होतं, आणि पाचही दिवस त्या खुर्चीवर पहिला जो बसला, त्याचेच आकडे त्याच्या मागच्या सगळ्यांच्या कागदावर. असे दुसऱ्याचे आकडे मिळालेली एकूण अकरा माणसं. बाकी चार खुर्च्या धुतल्या तांदळासारख्या.

शंकासुरांनी तक्ता छापला, लाल शाईने पाच चौकटी केल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला.

“मला सांगा मॅडम, तीन माणसांचं रक्त इतकं सारखं कधी असतं?”

“नसतं.”

“मग एकाच माणसाचं असणार. पहिल्याची शीर सापडली की एकदम जास्त काढून घ्यायचं. पुढच्यांना टोचायचं नुसतं नावाला. नळ्या भरायच्या आधीच्या साठ्यातून. म्हणून तर हात हलका लागतो लोकांना! कारण काढतच नाही काही!”

डॉक्टरीणबाईंनी पाचही चौकटींवरून बोट फिरवलं. “शुक्रवारी बारा वाजता तिला पत्र देते. असलं करणाऱ्या बाईला पुन्हा कुठेच सुई हातात धरू देणार नाहीत, कळलं ना? म्हणून खात्री हवी. परवा गुरुवारी तुम्ही तिच्या मागे बसा. रंगेहाथ धरा. तिच्या खुर्चीचे रिपोर्ट मी तोवर अडवून ठेवते. माझा विश्वास आहे तुमच्यावर.”

विश्वास आहे असं का म्हणाल्या असतील, हा किडा शंकासुरांना संध्याकाळपर्यंत पोखरत राहिला.

बातमी पाचवीच्या कानावर जायला कितीसा वेळ? ती काकूंसमोर येऊन उभी राहिली.

“काकू, मी असं करीन?”

“मी नाही म्हणत गं.”

“काका म्हणतात.”

“ते माझ्याबद्दल काय म्हणतात ते ऐकशील तर तुला बरं वाटेल,” काकू म्हणाल्या. पण पाचवीला हसू आलं नाही. तिच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली आणि भाऊ अजून शिकणारा. सगळी भिस्त ह्या सुईवर.

गुरुवारी सकाळी शंकासुर पाचव्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसले. चष्मा पुसून. मान इतकी पुढे, की पहिला पेशंट, एक दांडगा व्यायामशिक्षक, रबरी पट्टी बांधून घेताना म्हणाला, “हे डॉक्टर आहेत की माझे नातेवाईक?”

पाचवीने शीर चाचपली, सुई घातली, नळी भरली, बोळा दाबला, स्टिकर लावलं. 0e01. एकच नळी. शंकासुरांनी तिची बाही बघितली. खिसा बघितला. कचऱ्याची पेटी पायाने सरकवून बघितली. काही नाही.

दुसरी एक म्हातारी. शिरा सुतळीसारख्या, पण पाचवीने पहिल्याच टोचण्यात रक्त काढलं. 0e02. काही नाही.

आता? शंकासुरांनी स्वतःच शर्टाची बाही वर केली आणि खुर्चीत बसले.

“मला सांगा, माझं काढता का?”

पाचवीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मूठ वळा.” जरा वेळाने, “झालं.”

सुई खरंच कळली नव्हती. पण रक्त नळीत चढताना त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. 0e03. त्यांनी नळीच्या बुडाशी पेनाने एक बारीक रेघ ओढली आणि नळीबरोबर उठले. पाचवी नळी घेऊन चालली की हे मागे, ती वळली की हे वळले. लॅबमधली पोरं भिंतीला टेकून फुसफुसत होती. नळी यंत्रात गेली. यंत्राने घूं घूं केलं आणि छापील चिठ्ठी बाहेर टाकली: हिमोग्लोबिन बारा पूर्णांक एक, साखर एकशे नऊ. अशा चिठ्ठ्या रोज कचऱ्यात जात, कारण यंत्र तेच आकडे आपोआप कंप्युटरला पाठवतं. ही मात्र शंकासुरांनी घडी करून खिशात घातली.

दुपारी कंप्युटरवर आपला रिपोर्ट उघडला. हिमोग्लोबिन सोळा पूर्णांक आठ. साखर चौऱ्याऐंशी. व्यायामशिक्षकाचे आकडे!

काकू मागून डोकावल्या. “अगबाई! एवढं रक्त? माझ्या हातच्या जेवणाचं नाव झालं म्हणायचं.”

“अगं, गप! मला सांग, माझा पासवर्ड कुणाला माहीत आहे?”

“मला.”

शंकासुर खुर्चीतच वळले. “तुला? कसा?”

“आपल्या लग्नाची तारीख, एक दिवस पुढची. कारण तुम्हाला ती चुकीचीच आठवते. दर वर्षी एक दिवस उशिरा शुभेच्छा देता, मी काही बोलत नाही.”

मग ती दुपार बायकोवर संशय घेण्यात गेली. कोण कधी आत शिरलं, कुणी काय उघडलं, ह्याची सगळी नोंद त्यांनी उपसली. नोंदीत एकच माणूस सापडला, ते स्वतः. यंत्रातून आलेले आकडे जागच्या जागी होते, 0e03 समोर बारा पूर्णांक एक नीट लिहिलेलं. बाईने बरोबर काढलं, यंत्राने बरोबर मोजलं, कंप्युटरने बरोबर साठवलं. आणि रिपोर्ट छापताना उचललं भलतंच. म्हणजे खोट उचलण्यात होती.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता ते स्वतःच्या लिखाणासमोर बसले. बाराला दोन तास होते.

रिपोर्ट काढायचं काम साधं होतं. त्या दिवसाच्या नळ्यांची यादी वरून खाली वाचायची. प्रत्येक नळीचा क्रमांक आणि हवा असलेला क्रमांक सारखा आहे का ते बघायचं. सारखा सापडला की थांबायचं, आकडे उचलायचे. ‘सारखा आहे का’ हे त्या भाषेत विचारायला दोन बरोबरची चिन्हं लागोपाठ लिहितात, आणि ती तिथे होती. बारा वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताने लिहिलेली.

त्यांनी एका कोऱ्या पानावर एक ओळ लिहिली. 0a01 आणि 0a03 सारखे आहेत का? उत्तर आलं, वेगळे. अर्थात. b, वेगळे. c, वेगळे. d, वेगळे. 0e01 आणि 0e03?

सारखे.

शंकासुरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा विचारलं. सारखे. कीबोर्ड उलटा करून आपटला, कुणाच्या तरी बिस्किटाचा चुरा पडला (तो कुणाचा, हे नंतर बघायचं ठरलं). उठून काकूंच्या कंप्युटरवर तेच विचारलं.

सारखे.

“काय हो, घाम का फुटलाय?” काकूंनी विचारलं.

ते परत येऊन बसले. त्या भाषेचं माहितीचं पान त्यांनी उघडलं. ज्याच्यावर भरवसा आहे त्याचे कागद कोण तपासतं? म्हणून ते पान त्यांनी आयुष्यात धड वाचलं नव्हतं. दोन चिन्हं म्हणजे ढिली विचारपूस, असं तिथे लिहिलं होतं. दोन्ही बाजूंना आकड्यासारखं काही दिसलं, तर भाषा आधी त्यांचा आकडा करते आणि मग जुळवते. अक्षर न् अक्षर जुळवायचं असेल, तर चिन्हं तीन हवीत. आणि आकड्यांच्या मधला e? तो तर हिशेबातली सोय. 5e03 म्हणजे पाचावर तीन शून्यं, पाच हजार.

मग 0e03 म्हणजे शून्यावर तीन शून्यं. 0e01 म्हणजे शून्यावर एक शून्य. आणि शून्यावर कितीही शून्यं ठेवा, हाती काय? शून्य! शून्य बरोबर शून्य. म्हणून पाचव्या खुर्चीवरची सगळी माणसं कंप्युटरच्या लेखी एकच माणूस होती, आणि यादीत पहिला जो सापडे त्याचेच आकडे सगळ्यांना. a, b, c, d ही नुसती अक्षरं, त्यांचा कुणी आकडा करत नाही. बारा वर्षं चारच खुर्च्या होत्या म्हणून झाकली मूठ राहिली होती.

त्यांनी तिसरं चिन्ह टाकलं. विचारलं. वेगळे.

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

आणि इथे शंकासुरांच्या डोक्यात एक विचार आला, तो मात्र भयंकर होता. एक चिन्ह वाढलं, कुणी बघितलं नाही. बाराला पत्र जाईल. पाचवी जाईल. सोमवारी तिच्या जागी कुणी दुसरं बसेल आणि सगळे रिपोर्ट बरोबर येतील. लोक म्हणतील, बघा, ती गेली आणि घोळ थांबला. काका म्हणाले तेच खरं! जगात कुणाला कधी कळणार नाही. ह्या गुन्ह्याला ना धागा ना दोरा. त्यांनी तो चारही बाजूंनी तपासून बघितला, आयुष्यभर दुसऱ्यांचे तपासत आले तसा. एकही फट नव्हती. दुसऱ्या कुणी हे केल्याचा नुसता वास आला असता, तर त्यांनी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पिच्छा पुरवून धरला असता.

त्यांना स्वतःची भीती वाटली. ते उठले तेव्हा खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचललीही नाही.

वरच्या खोलीत पाचवी आधीच उभी होती. टेबलावर पाकीट.

“मॅडम, पत्र देऊ नका.”

“का? पुरावा मिळाला ना?”

“मिळाला. माझ्याविरुद्ध.”

त्यांनी खिशातली चिठ्ठी ठेवली, शेजारी कंप्युटरचा कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. चार खुर्च्या, पाचवं अक्षर, शून्यावरची शून्यं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“अशी दोन चिन्हं अजून कुठे आहेत?”

“दोनशे चौदा ठिकाणी. एकेक बघावं लागेल.”

“आणि तुम्ही मला लाल चौकटी करून दिल्यात.”

“दिल्या.”

“ह्या बाईला मी आज घरी पाठवत होते. कळलं ना?” पहिल्यांदाच ते खरंच विचारल्यासारखं वाटलं.

“कळलं,” शंकासुर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट फाडलं. पाचवी फाटलेल्या तुकड्यांकडे बघत म्हणाली, “हे ठीक आहे. पण तीन दिवस सगळे माझ्या बाहीत बघत होते. काका, तुम्ही माझा खिसा बघितलात.”

शंकासुरांच्या तोंडून ‘मला सांगा’ निघायला गेलं आणि निघालं नाही. “चुकलो ताई,” ते म्हणाले. पाचवीने तुकडे गोळा करून कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

“त्या अकरा जणांना पुन्हा बोलवायचं,” डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा फोन पुढे सरकवला. “आत्ता. माझ्यासमोर. चूक कुणाची, ते तुमच्या तोंडाने सांगा.”

शंकासुरांनी बँकेतल्या मुलीला फोन लावला. “नमस्कार, मी लॅबमधून बोलतोय. तुमचा रिपोर्ट चुकला आहे, चूक माझी—”

“हो का? आता ओटीपी मागाल!” खट्.

दुसऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, आवाजावरून चांगल्या घरचे वाटता. का करता हे धंदे?” खट्.

तिसऱ्या बाई म्हणाल्या, “मला सांगा, तुम्ही लॅबमधूनच बोलताय कशावरून?”

शंकासुरांनी रिसिव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. कशावरून? तेवढ्यात पलीकडून खट्. दारात येऊन उभ्या राहिलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला.

चौथा ड्रायव्हर. “थांबा! थांबा! कालपरवा कागदाने साखर वाढवली, आज फोनने उतरवताय? उद्या काय, मी बाळंत झालो म्हणाल? गाडी मागे घ्या!”

पाचवीने हात पुढे केला. शंकासुरांनी रिसिव्हर दिला.

“मी बोलतेय. पाचव्या खुर्चीवरची.”

पलीकडचा आवाज एकदम खाली आला, तरी खोलीभर ऐकू आलाच. “ताई, तुम्ही होय! मग आधी का नाही सांगितलं? तुमच्या हाताबद्दल माझी काही तक्रार नव्हती हां, मी तिथेही म्हटलं, सुई कळली नाही. येऊ का मग?”

“उद्या सात वाजता. उपाशीपोटी.”

“कुठल्या खुर्चीवर?”

“माझ्या.”

तिने फोन खाली ठेवला. मघाशी फोन ठेवून दिलेल्या तिघांपासून पुन्हा सुरुवात करायची होती. शंकासुर यादीतला पहिला नंबर वाचू लागले. निम्म्यावर आले तोच पाचवीने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, त्यांनी वाचलेले आकडे एकेक करून बोटाने तपासले, आणि मगच फोन लावला.